रिकाम्या काट्यावरचं सव्वा किलो

प्रिय घाईबाई,

अक्षर ओळखून पाकीट टोपलीत टाकू नकोस. मी माफी मागायला लिहीत नाहीये आणि परत बोल म्हणायलाही नाही. म्हणजे ते दोन्ही पोटात आहेच, पण आज विषय वेगळा आहे. मला एक गोष्ट कुणाला तरी सांगायची आहे, आणि ज्याला सांगेन तो मला वेड्यात काढेल. तू निदान नीट ऐकून मग काढशील. मी खोटं बोलायला लागलो की माझे कान लाल होतात, हे जगात दोघींनाच माहीत आहे, ताईला आणि तुला. पत्रात कान दिसत नाहीत, तेवढं चालवून घे.

कॉलेज सोडल्यावर मी कुठे गेलो हे तू कुणाला विचारलं नसशीलच. भिंतीवर तुझं नाव लिहिणाऱ्या त्या पोराचा चष्मा फोडला, प्राचार्य म्हणाले माफी माग, मी म्हटलं मागत नाही, आणि दप्तर उचलून फाटकाबाहेर आलो. वाटलं होतं तू मागोमाग येशील. तू आलीस, पण “मूर्खा, आत जा आणि माफी माग” असं म्हणायला. मग मी तुझ्यावरही चिडलो. असो. तू नर्सिंगला गेलीस आणि मी वजनकाटे दुरुस्त करायच्या दुकानात लागलो. मालक एका कानानं बहिरे आहेत आणि दुसऱ्या कानानं सोयीपुरते. दुकानदारांचे काटे येतात, भंगारवाल्यांचे येतात, दवाखान्यांचे येतात. तुमच्या प्रसूती विभागात दारापाशी गोल तबकडीचा उभा काटा आहे ना, तोही आमच्याकडेच तपासायला असतो. म्हणजे तू ज्या सुईकडे बघून आकडे लिहितेस तिला माझे हात लागलेले असतात. हसू नकोस, मला एवढ्यावर महिना जातो.

या कामात एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. काट्यावर लोखंडी माप ठेवलं की सुई एका जागी जाऊन थिजते. माणूस उभा राहिला की ती थिजत नाही. तो कितीही गप्प उभा राहू दे, श्वास चालू असतो, छाती चालू असते, सुईचं टोक केसभर थरथरत राहतं. तबकडीवर फडकं टाकून फक्त सुईचं टोक उघडं ठेवलं तरी मी सांगू शकतो की वर पोतं आहे की माणूस. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तर ताई. तिला दिवस गेलेत हे तुला माहीत नसेल. दोघं आहेत. दाजी बोटीवर, त्यांची सुट्टी बाळं झाल्यावरची, म्हणून ती माहेरी आली. माहेर म्हणजे आता मी आणि दोन खोल्या. आई गेल्यापासून त्या खोल्यांत मी एकटाच होतो आणि कुणी एकटं राहू नये तसा राहत होतो. ताई आली, शिलाई मशीन खिडकीशी लावलं, माझे सगळे शर्ट उसवून नीट शिवले आणि घराला आवाज आला. मला वाटलं, आता सगळं बरं होणार.

पण तिचं वजन वाढेना. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी पाचव्या महिन्यातच तिला झापलं. दोघांना पोसायचं तर एकाच्यापेक्षा जास्त वाढायला हवं, नाही वाढलं तर पोरं लवकर येतात आणि किडकिडीत येतात, जुळ्यांना तसाही पुरता काळ मिळत नाही, त्यात तुम्ही आणखी कापू नका. मला हे ऐकताना तू आठवलीस. कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून तू प्रवेशपरीक्षेचं घोकायचीस आणि पुस्तक माझ्या हातात असायचं. जुळी असली तर सदतिसावा आठवडा गाठला म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं तू म्हणायचीस. वजन वाढलं नाही तर काय, हेही तू म्हणाली होतीस. त्याच्या पुढेही काहीतरी होतं, ‘आणि उलट झालं तर’ असं सुरू होणारं, पण तोवर मी पुस्तक सोडून तुझ्या कानामागच्या केसांकडे बघत होतो.

मी ताईला दूध, अंडी, केळी, जे मिळेल ते खायला घालू लागलो. ती खायची आणि ओकायची. मग मी घरीच काटा आणला, म्हणजे रोज कळेल. दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुना काटा पडून होता. बंद पडलेल्या कुठल्याशा प्रसूतिगृहातून दुरुस्तीला आला आणि न्यायला कुणी आलंच नाही. ओतीव लोखंडाचा, गुडघ्याएवढा, वर काळं रबर. रबरावर इतक्या बायका उभ्या राहिल्या असतील की दोन पावलांच्या जागी दोन खोलगट खळगे पडलेत. मालकांनी मला तो उचलताना पाहिलं आणि म्हणाले, नेतोयस तर ने, पण ज्याचा आहे तो आला तर परत द्यावा लागेल. दहा वर्षांत कुणी आलं नाही, आता कोण येणार, मी म्हटलं. ते त्यांनी बहिऱ्या कानानं ऐकलं.

मी स्प्रिंग बदलली, तेलपाणी केलं, दुकानातल्या मापांनी तपासला. अगदी सरळ. घरी आणून ताईच्या खोलीत मशीनशेजारी ठेवला. ताईला वाकता येत नव्हतं तरी वाकली आणि रबराचा एक कोपरा फाटका होता, त्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, छान आहे, राहू दे.

पहिल्या सकाळी ती चढली, मी आकडा वाचला, ती उतरली. सुई खाली आली, पण शून्यावर आली नाही. एक आणि दीडच्या बरोबर मधोमध थांबली. सव्वा किलो. मी मनात मालकाला शिव्या घातल्या, स्प्रिंगला घातल्या, स्वतःला घातल्या. पेचकस घेऊन बसलो तोवर पुन्हा बघितलं तर सुई शून्यावर. दुसऱ्या सकाळी तेच. ताई चढायच्या आधी शून्य, उतरल्यावर सव्वा, आणि दुपार कलली की आपोआप शून्य. रविवारी मी काटा खांद्यावर टाकून दुकानात नेला. दिवसभर मापं चढवली, उतरवली, मी स्वतः चढलो, मालकांना चढवलं. ते म्हणाले, माझं वजन बघून तुला काय लग्न करायचंय का माझ्याशी. प्रत्येक वेळी सुई सुतासारखी शून्यावर. घरी आणला, ताई चढली, ताई उतरली, सव्वा.

मी ताईला थट्टेत म्हटलं, तुम्ही तिघं चढता आणि एकजण उतरायला विसरतो वाटतं. ती हसली नाही. मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी नको ते बोलून गेलोय.

मग एके दिवशी मी जेवायला घरी आलो. ताई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. काट्यावर बाळाचं एक दुपटं घडी करून ठेवलेलं होतं, तिनंच शिवलेलं. दोन खळग्यांच्या मधोमध, कुणाला तरी बसायला घालावं तसं. सुई सव्वावर. मी म्हटलं, चला, दुपट्याचं वजन, उगाच घाबरलो. दुपटं उचललं. ते हातात पिसासारखं. सुई हलली नाही. म्हणजे खाली आली नाही. हलत तर होती. मी गुडघ्यावर बसून तबकडीला नाक लावून बघितलं. सुईचं टोक केसभर पुढे, केसभर मागे, भरभर, मोठ्या माणसाच्या दुप्पट वेगानं. मी रबरावर तळवा ठेवला. बाहेर हवा गार होती, फरशी गार होती, लोखंड गार होतं. रबर तेवढं कोमट होतं. मी जेवलो नाही. दुपटं जसं होतं तसं घडी करून परत ठेवलं आणि दाराबाहेर येऊन उभा राहिलो. का परत ठेवलं, विचारू नकोस. काढून नेणं बरं वाटेना.

तुला वाटेल हा पोरगा एकटा राहून बिघडला. मलाही वाटलं. पण पुढचं ऐक, हे तरी डोक्यात बसणारं आहे. घरच्या काट्यावर ताईचं वजन जेमतेम सरकत होतं, आणि तुमच्याकडे मात्र दर वेळी मस्त वाढ. डॉक्टरीणबाई खूश, शाबासकी, असंच चालू द्या. दोन्ही काटे माझ्या हातचे. दोन्हींत अडीच किलोचा फरक कसा पडेल? मी रागानं तुमचा काटा तपासायला आलो होतो, तेव्हाच तो तमाशा झाला. ताईला दोन तास उभं ठेवलं होतं म्हणून मी टेबलावर हात आपटला आणि तुमच्या राखणदारानं मला धरून बाहेरच्या बाकड्यावर नेऊन बसवलं. तू त्या दिवशी सुट्टीवर होतीस असं कळलं. सुटलो.

फरक दुकानात सापडला. तपासणीच्या मापांच्या पेटीतली चपटी मापं गायब होती, चकत्यांसारखी असतात ती. दर आठवड्याला ताई मला डबा द्यायला यायची आणि मागच्या खोलीत टेकायची. मी घरी जाऊन तिचा तपासणीला घालायचा गाऊन उचलला तर तो हातातून निसटून धाडकन पडला. आतून कापडी पट्टा शिवलेला, पट्ट्याला बारीक बारीक कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक माप. शिवण तुला काय सांगू, एवढी सुबक की राग यायच्या आधी कौतुक वाटलं.

मग मी ओरडलो. मला ओरडता येतं, ते तुला माहीत आहे. ती ऐकत राहिली आणि मग, मशीनवर हात ठेवून, तिनं जे सांगितलं ते मी तुला सांगतो. मला जन्मापासून कुणीच सांगितलं नव्हतं. मी एकटा जन्मलो नव्हतो.

ताई तेव्हा आठ वर्षांची. आई दोघांना पोटात घेऊन काडीसारखी. हा काटा जिथला, त्याच प्रसूतिगृहातल्या बाईंनी आईला काट्यावर उभं केलं, आकडा बघून मान हलवली, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही आलो, खूप लवकर. आठ वर्षांच्या पोरीनं त्यातून एवढंच घेतलं की काटा कमी बोलला की पोरं काढतात. तिला मी कितीदा सांगितलं की ताई, ते तसं नसतं, कमी वजनामुळे आम्हीच लवकर आलो असू, काट्यानं नाही आणलं. पण तीस वर्षांची बाई दिवसा हे कबूल करते आणि तपासणीला जाताना पट्टा बांधते. तिला काटा गप्प ठेवायचा आहे. दोघांसाठी दिवस मिळवायचे आहेत.

बाळांचा छोटा काटा त्या दिवशी बिघडलेला होता. म्हणून दाई आधी एकटी मोठ्या काट्यावर चढली, मग मला घेऊन चढली, मग उतरून दुसऱ्याला घेऊन चढली. ताई शेजारी बाकड्यावर बसून भीतीनं रबराचा कोपरा नखानं सोलत होती. मी दीड भरलो. तो सव्वा. संध्याकाळी तो गेला. त्याचं वजन झालं, नाव झालं नाही. ताई म्हणाली की दाईनं त्याला घेतलं आणि ती उतरली तेव्हा सुई पूर्ण खाली आलीच नव्हती, तिनं स्वतः पाहिलं होतं आणि मोठ्यांपैकी कुणी तिचं ऐकलं नव्हतं. मग फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवून अगदी साध्या आवाजात म्हणाली,

“तो उतरलाच नाही रे कधी.”

घाईबाई, पट्टा सोड म्हटलं तर तिनं माझा हात तिच्या पोटावर ठेवला आणि डॉक्टरला, नर्सला कुणालाही सांगणार नाही असं वदवून घेतलं. आतून दोघं लाथा मारत होती. मी हो म्हटलं. हे पत्र मी नर्सला नाही, तुला लिहितोय. काटा परत दुकानात नेऊ का विचारलं तर म्हणाली, आता त्याला कुठे एकटा ठेवतोस.

आज दुपारी दुकानात बसून हे एवढं लिहिलं. उद्या तिची तपासणी आहे, मी तिला घेऊन येईन. पाकीट तुझ्या हातात द्यायचं आणि तू फावल्या वेळात वाचायचं, असा बेत आहे. बाकी काही नको. एकदा तुझ्या त्या शाळामास्तरणीच्या आवाजात सांग की सुई अडकण्याची शंभर कारणं असतात. मी विश्वास ठेवीन.

आता पुढचं तुमच्या बाकड्यावर बसून लिहितोय, गुडघ्यावर कागद ठेवून, अक्षर लागलं नाही तरी लाव. काल वजन करायचं राहिलं होतं; आज सकाळी ताई काट्यावर चढली आणि परवापेक्षा सव्वा किलो जास्त भरली. दोन दिवसांत. उतरली, आणि सुई सरळ शून्यावर आली. पहिल्यांदा. कितीतरी वेळ मी बघत राहिलो, शून्यच. रबर गार होतं. ताई आनंदानं रडली, म्हणाली, “बघ, उतरला. माझ्याकडे आला.” तिचा चेहरा सुजलेला, बोटं अशी फुगलीत की अंगठी निघेना, कालपासून डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते, तेही हसत सांगते. तिच्या लेखी तोच आलाय. येताना तिनं पट्ट्यातून सव्वा किलोची मापं काढून ठेवली, म्हणजे तुमच्या काट्यावर एकदम चढलेलं दिसू नये आणि कुणी काही विचारू नये. मी अर्ध्या रस्त्यात थांबलो. पायऱ्यांवरचं तुझं ते उरलेलं वाक्य मला आठवलं, केसांसकट. ‘आणि उलट झालं तर, दोन दिवसांत भसकन वाढलं तर खूश व्हायचं नाही, ते बाळांचं नसतं, अंगात साठलेल्या पाण्याचं असतं, बीपी बघायचं आणि धावायचं.’ मी शपथ मोडली. आत जाऊन टेबलापाशी सगळं सांगितलं, पट्टा, मापं, सूज. सांगता सांगता आवाज चढला, तो चढतोच. तुमची नर्स मागच्या नोंदी बघून शांतपणे म्हणाली की वजन तर छान सावकाश वाढतंय, आणि तुमच्या ताईंनी मागेच सांगून ठेवलंय, भाऊ जरा भ्रमिष्ट झालाय, त्याला रिकाम्या काट्यावर माणसं दिसतात. राखणदार मला पुन्हा बाकड्यावर घेऊन आला. माझ्या बाजूनं बोलणारं इथे कुणी नाही, आणि मला ते माणूस दिसतं हे खोटंही नाही. म्हणून हे पत्र. झाडलोट करणाऱ्या मावशींना म्हटलंय, हे पान सगळ्यात वर ठेवून, तू जिथे असशील तिथे जाऊन तुझ्याच हातात द्या. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. भूत आहे की पाणी आहे, मला ठरवायचं नाही. ताईला पट्टा काढून काट्यावर उभं कर, तिचं बीपी बघ, आणि ती पोटात तिघं आहेत म्हणाली तर हो म्हण पण तिला घरी सोडू नकोस. तिला अजून आत बोलावलेलं नाही, ती माझ्या शेजारी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसलीय. इथून अर्धवट दारातून तुमचा काटा दिसतो. त्याच्यावर कुणी नाही, आसपासही कुणी नाही, आणि सुई सव्वावर आहे, भरभर थरथरतेय. तो इथेही आलाय आणि कुणाची तरी वाट बघतोय. आयुष्यभर तुला घाई नको म्हणून चिडवलं. आज कर.

तुझाच,
माचिस